इराण्याच्या आरशापासून बोअरवेलच्या पाण्यापर्यंत: कॉफी शॉपचं इंटेरियर नेमकं कशावर ठरतं?

मुंबईत धोबीतलावला कयानी सुरू झालं १९०४ साली. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं आणि पुण्यात डेक्कनवरचं गुडलक १९३५ चं. अशा कुठल्याही जुन्या इराण्याच्या हॉटेलात शिरलात की एक गोष्ट हमखास दिसते, ती म्हणजे भिंतीवरचे मोठाले आरसे. गंमत अशी की आरसे लावायचे आणि शेजारीच पाटी ठोकायची, इथं केस विंचरू नका.

मग आरसे लावायचेच कशाला?

कारण मालक गल्ल्यावर, दाराजवळ बसायचा. तिथून उठायचं नाही, पण कुठल्या टेबलावर काय गेलं, कोण न देता निघालं, कुणाचा चहा गार झाला हे सगळं त्याला दिसायला हवं. आरसा म्हणजे त्या काळचा सीसीटीव्ही होता. शिवाय बाहेरचा उजेड आरशावर पडून आतपर्यंत जायचा, त्यामुळं दिवसा दिवे कमी लागायचे आणि जागा आहे त्यापेक्षा मोठी वाटायची.

खुर्च्यांचंही तसंच. वाफेवर वाकवलेल्या लाकडाची ती काळपट, गोल पाठीची खुर्ची युरोपातून आली. तिचा मूळ नमुना मायकेल थोनेट या कारागिराच्या कंपनीनं १८५९ मध्ये बाजारात आणला. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, बस्स. सुटी केलेली अशी ३६ खुर्च्यांची रास एक घनमीटरच्या खोक्यात मावायची. जहाजानं जगभर पोचली ती त्यामुळंच. वजनाला हलकी, एका हातानं उचलता येते, फरशी पुसताना टेबलावर उलटी ठेवता येते. संगमरवरी टेबलावर एक ओलं फडकं फिरवलं की पुढचं गिऱ्हाईक बसायला मोकळं.

आज आपण या सगळ्याला 'व्हिंटेज लुक' म्हणून फोटो काढतो. इराण्यानं तो लुक म्हणून केला नव्हता. त्याच्या प्रत्येक वस्तूला काम होतं.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडं स्पेशालिटी कॉफीचं फॅड म्हणा, धंदा म्हणा, जोरात आलंय. आणि ते मुंबई-पुण्यापुरतं राहिलेलं नाही. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं इंझोरी घ्या, नाहीतर शेजारचं कारंजा, मंगरुळपीर घ्या. इथली पोरं शिकायला नागपूर-पुण्याला जातात, तिथं दोनशे रुपयांची कॉफी पितात आणि परत येताना डोक्यात एक कॅफे घेऊन येतात. मग इन्स्टाग्रामवरून शंभर फोटो सेव्ह होतात. प्लास्टर उकरून विटा दाखवलेली भिंत, दोरीला लटकलेले पिवळे बल्ब, इंग्रजी वाक्याचा निऑन, कोपऱ्यात प्लास्टिकचं गवत. बापानं सोयाबीन-कपाशीच्या पैशातून नाहीतर कर्ज काढून दिलेली रक्कम पहिल्या महिन्यातच भिंतीवर जाते.

आणि कॉफी बेचव लागते.

ती बेचव का लागते, याचंही बरचसं उत्तर इंटेरियरमध्येच सापडतं.

आधी स्पेशालिटी म्हणजे काय ते बघू

हा शब्द अर्ना क्नुटसेन या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कॉफी व्यापारी बाईंनी १९७४ मध्ये एका व्यापारी मासिकात वापरला आणि तो रुळला. म्हणणं साधं होतं. विशिष्ट मातीत, विशिष्ट हवेत पिकलेल्या बियांना स्वतःची चव असते, ती जपून विकायची. पुढं याला मार्क देण्याची पद्धत आली. प्रशिक्षित चव घेणारे १०० पैकी गुण देतात आणि ८० च्या वर गेलेली कॉफी स्पेशालिटी, असा हिशेब वर्षानुवर्षं चालत आला.

कॉफी म्हटलं की आपण कर्नाटकाकडं बघतो. पण महाराष्ट्रात कॉफी पिकते ती नेमकी विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला. मेळघाटात सुमारे अकराशे मीटर उंचीवर, इंग्रजांच्या काळापासून. वाशिमकरांसाठी ती एका दिवसात जाऊन येण्यासारखी जागा आहे.

तर, अशी जपून पिकवलेली बी तुमच्या दुकानात आली. आता तिची चव कपापर्यंत पोचवायची आहे. फिल्टर पद्धतीनं केलेल्या कॉफीत अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणून स्पेशालिटी कॉफी शॉपच्या इंटेरियरचा पहिला नकाशा नळाचा असायला हवा, रंगाचा नंतर.

पाणी आणि वीज, म्हणजे न दिसणारं इंटेरियर

आपल्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी बोअरचं पाणी. पातेल्याला पांढरा थर चढतो ते हेच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कॉफीवाल्यांच्या जागतिक संघटनेचं, म्हणजे एससीएचं माप मात्र ७५ ते २५० च्या मधलं आहे आणि त्यातही १५० च्या आसपास उत्तम. म्हणजे आपल्याला पिताना काही न वाटणारं पाणी कॉफीची आंबट-गोड चव दाबून टाकू शकतं. वर मशीनच्या बॉयलरमध्ये क्षार साचतात ते वेगळंच.

मग आरओ लावू की! लावा, पण आरओ पाण्यातलं जवळपास सगळंच काढून टाकतो आणि तसल्या पाण्यात कॉफी मिळमिळीत उतरते. म्हणून आरओचं पाणी आणि साधं गाळलेलं पाणी ठरावीक प्रमाणात मिसळावं लागतं. आता याला जागा किती लागली बघा. आरओ, दुसरा फिल्टर, साठवणीची टाकी आणि आरओतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची पाइप. हे पाणी काही थोडंथोडकं नसतं, ते फरशी पुसायला, भांडी विसळायला साठवायचं तर आणखी एक टाकी. हे सगळं काउंटरच्या खाली किंवा पाठीमागं बसवायचं असतं. फर्निचर झाल्यावर हे लक्षात आलं तर सुतार पुन्हा येतो, फरशी पुन्हा फुटते.

विजेचं गणित तर आणखी सरळ आहे. आपल्या घरातलं मोठं, म्हणजे १६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टवर जास्तीत जास्त ३.७ किलोवॅट देऊ शकतं. दोन ग्रुपचं, म्हणजे एकावेळी दोन ठिकाणी कॉफी काढणारं एस्प्रेसो मशीन तेवढी किंवा त्याहून जास्त वीज मागू शकतं. त्याला स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, काही मशीनना थ्री फेज. घरचा इन्व्हर्टर त्याला हातही लावू शकत नाही. त्यामुळं जिथं वीज जाते तिथं शहाणपण असं की काउंटरचा एक तुकडा हातानं कॉफी गाळायला ठेवावा. गॅसची शेगडी, किटली, कागदी फिल्टर आणि हातानं फिरवायचं ग्राइंडर. लाइट गेली तरी धंदा चालू, आणि गिऱ्हाईकाला समोर काहीतरी बघायला मिळतं ते फुकटात.

काउंटर: दुकानाचा खरा हिरो

इटलीत जुन्या बारमध्ये मशीन मागच्या भिंतीला असतं. कॉफी करणारा पाठ फिरवून काम करतो, गिऱ्हाईक उभ्या उभ्या दोन घोटात संपवून निघून जातो. टेबलावर बसलात तर अनेक ठिकाणी दर जास्त. थोडक्यात आपली चहाची टपरीच, फक्त सूट घातलेली.

स्पेशालिटीवाल्यांनी यात बदल केला. कॉफी करणाऱ्याला बोलायचं असतं. ही बी कुठली, कुणी पिकवली, साखर न घालता एकदा पिऊन बघा वगैरे. म्हणून मशीन पुढच्या काउंटरवर आलं. पण मग वेगळीच अडचण झाली. मशीन एवढं उंच की ते दोघांच्या मध्ये भिंतीसारखं उभं! त्यावर उपाय म्हणून बुटकी मशीनं आली आणि पुढं तर अशी आली की सगळं यंत्र काउंटरच्या पोटात आणि वर फक्त नळासारखी तोंडं. ती भयंकर महाग असतात. स्वस्त मार्ग असा की मशीन काउंटरच्या एका टोकाला आडवं ठेवायचं, म्हणजे करणारा गिऱ्हाईकाला बाजूनं दिसतो.

आता मापं. काम करायच्या ओट्याची उंची साधारण ९० सेंटिमीटर, आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या जवळपास. काउंटरच्या मागं एक माणूस असेल तर किमान ९० सेंटिमीटर मोकळी जागा, दोन माणसं पाठीला पाठ लावून काम करणार असतील तर १२० च्या आसपास. बसायची खुर्ची ४५ सेंटिमीटर, टेबल ७२ ते ७५. खुर्ची आणि टेबल यांच्यात हे अंतर बिघडलं की लॅपटॉपवाल्याची मान दुखते आणि तो कॉफीला शिव्या देतो.

मापांपेक्षा क्रम महत्त्वाचा. बी दळली, मशीनला लावली, दूध तापवलं, कप दिला, जग विसळला. ग्राइंडर, मशीन, दुधाचा फ्रीज, सिंक आणि देण्याची जागा ही सगळी याच ओळीत, हाताच्या अंतरावर हवीत. फ्रीज तीन पावलं लांब असेल तर प्रत्येक कपामागं जाऊन-येऊन सहा पावलं. दिवसाला १५० कप झाले तर ९०० पावलं, फक्त दुधासाठी! एस्प्रेसो निघायला २५ ते ३० सेकंद लागतात. तेवढ्यात दूध तयार व्हायला हवं, नाहीतर कॉफी कपात वाट बघत बसते.

पैसे देण्याची आणि कप घेण्याची जागा वेगळी ठेवा. दोन्ही एकाच ठिकाणी असल्या की दारातच जत्रा भरते. ओट्याला ग्रॅनाइट घ्या. संगमरवर फोटोत छान दिसतो, पण त्यावर लिंबू सांडलं की दगड खातो आणि कॉफीचे डाग बसतात. मशीन पन्नास-साठ किलोचं किंवा त्याहून जड असतं, म्हणून खालचा सांगाडा प्लायचा नको, लोखंडी अँगलचा किंवा विटांचा हवा.

माणूस किती वेळ बसणार, हे खुर्ची ठरवते

समजा तुमच्याकडं ३०० चौरस फूट गाळा आहे. शंभर फूट काउंटर, भांडी, साठवण यात गेले. उरले २००. एका बसणाऱ्यामागं वाटेसकट १५ चौरस फूट धरले तर फक्त १३ खुर्च्या. एक जण १५० रुपयांची कॉफी घेऊन दोन तास बसला तर त्या खुर्चीनं तासाला ७५ रुपये कमावले. चाळीस मिनिटांत उठला तर २२५.

मग गिऱ्हाईकाला हाकलायचं का? अजिबात नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ च्या पुस्तकात 'तिसरी जागा' ही कल्पना मांडली. घर पहिली, कामाचं ठिकाण दुसरं आणि जिथं कुणीही येऊन बसतं, बोलतं ती तिसरी. आपल्याकडं ती पारावर होती, टपरीवर होती. बाईमाणसाला मात्र या दोन्हीकडं निवांत बसायची सोय क्वचितच. कारंजा-मानोऱ्यासारख्या गावात नवं कॉफी शॉप चाललं तर ते बहुतेक या कारणानं चालेल असं माझं मत आहे. म्हणून दर्शनी काच, आतपर्यंत चांगला उजेड, रस्त्यावरून दिसणारी टेबलं आणि आतून कडी लागणारं स्वच्छ टॉयलेट या गोष्टी निऑनच्या आधी येतात. अंधाऱ्या 'कपल कॅबिन' करून गावात एकदा नाव गेलं की मुलींचे आईबाप त्या पायरीवर येत नाहीत.

उपाय सरमिसळीत आहे. दाराशी उभं राहून प्यायला एक फळी, खिडकीला उंच स्टूल, मध्ये साध्या लाकडी खुर्च्या आणि आत एक-दोनच ऐसपैस जागा. चार्जिंगचे पॉइंट कुठं द्यायचे हेही विचार करून ठरवा, कारण जिथं पॉइंट तिथं दोन तासांचा मुक्काम. जुन्या इराण्याला एका चहावर लोक तासभर बसलेले परवडायचे, कारण हॉल मोठा आणि अनेकांचं भाडंही जुन्या कायद्यानं गोठलेलं. नव्या गाळ्याच्या भाड्यात ते बसत नाही.

आवाज आणि ऊन

इलिनॉय विद्यापीठातल्या रवी मेहता आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास छापला. ५० डेसिबलच्या शांततेपेक्षा ७० डेसिबलच्या मध्यम गलक्यात लोकांना नव्या कल्पना जास्त सुचल्या, पण ८५ ला गेल्यावर डोकं चालेना. म्हणजे कॅफेत थोडी कुजबुज, कपांचा आवाज चांगलाच. पण टाइल, काच, उघडा स्लॅब अशा सगळ्या कडक गोष्टी असल्या की आवाज आदळत राहतो. त्यात ग्राइंडर सुरू झालं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

यावर बाजारात महागडी ध्वनिशोषक पॅनेल मिळतात. पण लाकडी चौकटीत जाड कापूस भरून वरून कापड ताणलं तरी आवाज चांगलाच कमी होतो. कापसाच्या पट्ट्यात राहून हे विकत कशाला आणायचं? पोहरादेवी मानोरा तालुक्यातच आहे, आजूबाजूला बंजारा तांडे आहेत. काचा लावलेलं बंजारा भरतकाम त्या चौकटीवर ताणलं तर प्लास्टिकच्या गवताची गरज राहणार नाही. फक्त ते शेगडीपासून लांब लावा आणि करणाऱ्या बाईला तिच्या कामाचा पुरता मोबदला द्या, 'प्रमोशन होईल' म्हणून फुकट घेऊ नका.

मोठ्या कंपन्यांनाही ही गोष्ट कळली होती. स्टारबक्सनं भारतातलं पहिलं दुकान १९ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळच्या जुन्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये उघडलं. सीएटलची नक्कल काढायच्या ऐवजी देशी लाकूडकाम, देशी नक्षी घेतली. जुन्या वाटणाऱ्या नक्षीदार सिमेंटच्या टाइल आज कॅफेत दिसतात, त्याही इथं जुन्या काळापासून बनतात. विलायतेतून येणाऱ्या टाइलना स्वदेशी पर्याय म्हणून सिधवांनी १९२२ मध्ये भारत फ्लोअरिंग टाइल्स काढली.

ऊन मात्र मुंबईचं आणि आपलं एक नाही. वाशिमला मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो. पश्चिमेला पूर्ण काच लावली तर दुपारी चारला आत भट्टी होते आणि एसी फक्त बिल वाढवतो. त्यात एस्प्रेसो मशीन दिवसभर गरम राहून स्वतःची उष्णता खोलीत सोडतच असतं. लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या थंपानूरला इंडियन कॉफी हाऊस बांधलं, ते बघण्यासारखं आहे. गोल गोल चढत जाणारा विटांचा मनोरा, चढाला लागून पक्की बांधलेली टेबलं आणि भिंतभर विटांची जाळी. जाळीतून वारा येतो, ऊन चाळून येतं. आपल्याकडं विटांचे भट्टे गावोगाव आहेत, जाळी बांधणारा गवंडीही सापडतो.

आणि कूलर? विदर्भात त्याच्याशिवाय उन्हाळा निघत नाही. पण कूलर हवेत ओलावा सोडतो. ती ओली हवा थेट ग्राइंडरवर आली तर दळलेली कॉफी ओलावा धरते आणि सकाळी लावलेलं माप दुपारी चुकतं. तेव्हा कूलरचं तोंड गिऱ्हाईकांकडं, काउंटर त्याच्या झोताबाहेर आणि बियांचे डबे घट्ट झाकणाचे. समोरच्या खिडकीतून हवा बाहेर पडायला वाट नसेल तर खोली दमट होते, हे तर कुणाही वैदर्भी माणसाला सांगायला नको.

पैसे कमी असतील तर

आधी नळ, निचरा आणि वायरिंग. मग ओटा. मग ग्राइंडर, सांगून पटत नाही, पण साध्या मशीनला चांगलं ग्राइंडर जोडलं तर चालतं, उलटं जमत नाही. मग खुर्च्या, आणि त्या नव्याच हव्यात असं नाही. दिवे २७०० ते ३००० केल्व्हिनचे पिवळसर. भिंतीला चुना किंवा साधा रंग.

कपाकडंही लक्ष द्या. २०१४ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात पांढऱ्या मगातली कॉफी लोकांना काचेच्या पारदर्शक मगापेक्षा जास्त तीव्र आणि कमी गोड वाटली. जिथं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बिनसाखरेची कॉफी चाखणार आहे तिथं सुरुवात काचेच्या ग्लासनं केलेली बरी. चहाचा कटिंग ग्लास चालेल की!

पाटी मराठीत हवी, तसा कायदाच आहे आणि देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. आतला मेनूही तसाच ठेवा. 'पोर ओव्हर' लिहिलं तर त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहा, 'कागदातून हळूहळू गाळलेली, बिनदुधाची, चार मिनिटं लागतात.' म्हणजे इंझोरीहून बाजाराला आलेल्या काकांना विचारायची लाज वाटणार नाही.